बाग किती दिवसांची? द्राक्षबागेत नव्याने आलेल्यांसाठी

लग्न होऊन मी निफाड तालुक्यात आले, त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. बांधावर शेजारचे अण्णा भेटले. म्हणाले, "काय सूनबाई, बाग किती दिवसांची झाली?" मी ठसक्यात सांगितलं, "बारा वर्षांची आहे." अण्णा काही न बोलता पुढे गेले. घरी सासरे मात्र हसून हसून दमले.

आमच्याकडे दिवस मोजतात ते छाटणीपासून. "आमची अठराची, तुमची?" "बत्तीस. फुलोऱ्यात येईल आता." एवढ्या बोलण्यावरून दोघांना कळतं की समोरच्याच्या बागेत आज कोणतं काम चाललंय, कोणता रोग डोक्यावर बसलाय आणि त्याला रात्री झोप लागणार की नाही. भिंतीवरचं कॅलेंडर असतं ते लग्नाच्या तिथी आणि बँकेचे हप्ते बघायला. नोकरी सोडून गावी परतलेल्यांनी, बागायतदाराच्या घरात नव्याने आलेल्या सुनांनी आणि वडील थकले म्हणून अचानक दोन-अडीच एकर अंगावर पडलेल्या मुलांनी सगळ्यात आधी हे मोजणं शिकावं. माझी ही नववी छाटणी. जे उशिरा कळलं तेच इथे जास्त लिहिलं आहे.

आधी वही घ्या

औषधांच्या दुकानात जायच्या आधी एक जाड वही आणि एक पर्जन्यमापक घ्या. प्रत्येक प्लॉटला वेगळं पान. वर छाटणीची तारीख, खाली दिवसाचा आकडा, पाऊस किती मिलिमीटर, सकाळचं किमान तापमान, दव होतं का, पाणी किती तास दिलं, मजूर किती. फवारणी केली तर औषधाचं नाव, त्यातला घटक, बॅच नंबर, प्रमाण, किती लिटर पाणी आणि कशासाठी मारलं, हे सगळं.

"कशासाठी" हा रकाना सासऱ्यांचा. पहिल्या वर्षी मला तो फालतू वाटायचा. नंतर पाहिलं, तर शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारलं अशा फवारण्या त्या रकान्यात उघड्या पडतात. लिहायला कारणच सापडत नाही.

माल परदेशी पाठवायचा असेल तर ही नोंद सक्तीचीच आहे. बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होते, अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट प्रणालीत प्लॉट चढतो आणि तोडणीआधी घडांचा नमुना औषधांच्या अवशेषांसाठी प्रयोगशाळेत जातो. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडले आणि माल तिथल्या बंदरांवर अडकला. वेलीची वाढ रोखायला वापरायचं ते औषध. एप्रिलच्या हंगामात मारलेलं औषध मार्चच्या घडात सापडू शकतं, हे तेव्हा पुष्कळ घरांना पहिल्यांदा समजलं. म्हणून वही दोन्ही छाटण्यांच्या हंगामांची ठेवायची (त्या छाटण्या पुढे येतातच), फक्त फळाच्या नाही.

वेल बघायला शिका

कात्री हातात घेण्यापूर्वी एकदा सावकाश बाग फिरा. जमिनीतून येतं ते खोड. तारेवर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे गेलेले जाड फाटे म्हणजे ओलांडे. ओलांड्यावरून निघते ती काडी, आणि जिच्यावर घड येणार ती मालकाडी. खाली जमिनीलगत कलमाची गाठ दिसेल. तिच्या खालचं मूळ बहुतेक ठिकाणी डॉगरिजचं, म्हणजे आपल्या भाषेत जंगली रोपाचं असतं. पाण्याचा ताण आणि क्षार सोसायला ते बरं. वरची जात थॉमसन, सोनाका, शरद, क्रिमसन, जी असेल ती. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेल्या. हे सासरे पाहुण्यांना न चुकता सांगतात. द्राक्षातलं अर्धं शहाणपण शेतकऱ्याच्याच बांधावर जन्मलं, असं त्यांचं ठाम मत आहे.

आमच्या बागेत नऊ बाय पाचाची लागवड आहे, म्हणजे एकरी साधारण ९६८ वेली. हा आकडा पाठ करून ठेवा. औषध, खत, मजुरी, घडांची संख्या, सगळ्या हिशेबाला तो लागतो.

नवी लागवड करणार असाल तर पैशाचं गणित आधी मांडा. उन्हाळ्याआधी जंगली रोपं लावायची, ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरायचं, पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत रिकट घेऊन, म्हणजे वाढलेलं कलम परत खाली छाटून, खोड आणि ओलांडे तयार करायचे. पहिला माल हातात यायला लागवडीपासून दोन वर्षं जातात. तोवर अँगल, तारा, ठिबक या सगळ्यावर खर्चच.

आता मुख्य गोष्ट. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, पानं गाळते, आणि छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे वेलीला झोपावं इतकी थंडी कधी पडतच नाही. मोकळी सोडली तर ती वर्षभर पालाच वाढवत बसेल. म्हणून आपण तिला दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काड्या तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळाला. दिवसांची मोजणी दोन्ही वेळा एकापासून सुरू होते.

खरड छाटणी: घड इथे ठरतो

नवख्यांना वाटतं, खरी परीक्षा ऑक्टोबरात. अहो, ऑक्टोबरात जो घड बाहेर येतो तो काडीच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या कोंबात, तयार होतो मे-जूनमध्ये. आपल्याला तेव्हा दिसत नाही, एवढंच.

तोड संपल्यावर वेलीला पंधरा दिवस ते महिनाभर विश्रांती द्यायची. बोद, म्हणजे वेलींच्या ओळीतला मातीचा उंचवटा, फोडून शेणखत, सुपर फॉस्फेट भरायचं. मग मार्चअखेर ते एप्रिलमध्ये ओलांड्यावर एक-दोन डोळे ठेवून सगळी काडी खरडून काढायची. बाग उघडीबोडकी दिसते, पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो. उन्हाची तिरीप थेट ओलांड्यावर पडते. आम्ही फुटवा येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ ओलांड्यावर पाणी फवारतो. डोळे एकसारखे फुटायला त्याची मदत होते.

मग विरळणी. एका जागी तीन-चार फुटवे येतात, त्यातले ठेवायचे मोजकेच. नऊ बाय पाचला वेलीवर तीस-पस्तीस काड्या पुरतात. इथे जीव कळवळतो आणि माणूस चाळीस-पंचेचाळीस ठेवतो. मीही ठेवल्या होत्या. दाट पाल्यात ऊन शिरलं नाही, आतल्या काड्या पोसल्या नाहीत, आणि ऑक्टोबरात त्यांच्यावर घडाऐवजी बाळी आली. बाळी म्हणजे तारेला विळखा घालणारा तो तंतू. वेलीच्या दृष्टीने घड आणि बाळी एकाच मूळ अंकुरातून येतात. ऊन आणि अन्न मिळालं तर घड, नाही तर बाळी.

काडीला सात-आठ पानं आली की पाचव्या पानावर शेंडा खुडतात. तिथून नवी फूट निघते, तिला सबकेन म्हणतात. त्या गाठीजवळचे डोळे सहसा फळाला चांगले असतात. चाळीस ते साठ दिवस हा घडनिर्मितीचा काळ. नत्र हात आखडून, पाणी बेतात, कॅनॉपी म्हणजे वरचा पाला मोकळा. या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. २०२५ साली पावसाने मेमध्येच मुक्काम ठोकला, तेव्हाच सासरे म्हणाले होते की यंदा घड शोधावे लागतील. साठ दिवसांनंतर पालाश देऊन काडी पिकवायची. हिरवी काडी तपकिरी झाली, मोडल्यावर कटकन आवाज आला, पेन्सिलीएवढी जाड भरली, की पास.

पावसाळा आणि मोरचूद

जून ते सप्टेंबर बागेत कामं कमी दिसतात, म्हणून दुर्लक्ष होतं. करपा, डावणी, भुरी आणि शेवटी तांबेरा, हे सगळे रोग पाहुण्यांसारखे याच काळात येतात. जुनी पानं ऑक्टोबरपर्यंत टिकली पाहिजेत, कारण काडीत साठा तीच भरतात.

या काळातलं स्वस्त आणि खात्रीचं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. एक टक्क्यासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवायचं, लोखंडी भांडं नको, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचं. मग विळ्याचं घासलेलं पातं त्यात बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, आणखी चुना घाला. नाहीतर पानं करपतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. कोवळ्या फुटीवर ते मारू नये.

याच दिवसांत पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि द्राक्ष बागायतदार संघ यांची चर्चासत्रं होतात. जा. जेवण चांगलं असतं म्हणून नाही (असतं मात्र चांगलं), तर तिथे शास्त्रज्ञांना विचारता येतं आणि औषध विकणारा मध्ये नसतो.

गोडी छाटणीची तारीख

ही घरातली सगळ्यात मोठी चर्चा. लग्नाच्या मुहूर्तावर एवढा खल होत नाही. सटाणा, कळवण, देवळा भागात काही जण जुलै-ऑगस्टमध्येच छाटतात. माल डिसेंबर-जानेवारीत येतो, भाव चढा मिळतो, पण फुलोरा भर पावसात सापडतो. ते धाडस नवख्याने करू नये. निफाड-दिंडोरीकडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर सर्वसाधारण छाटण्या. लवकर छाटली तर परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठतो, उशिरा छाटली तर थंडीत मण्याची फुगवण अडते आणि तोड मार्चच्या उन्हात जाते.

दोन-अडीच एकर असलं तरी सगळं एका दिवशी छाटू नका. आम्ही तीन तुकडे करतो, मध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर. ऑक्टोबरअखेर २०१९ साली पावसाने झोडपलं, २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली. अशा वेळी एकच अवस्था असलेली बाग पूर्ण हातची जाते, तीन अवस्था असतील तर एखादी वाचण्याची आशा असते.

छाटणीआधी काड्यांचे नमुने तपासायला द्या. डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. त्यावरून कुठे कापायचं ते ठरतं. पंधरा-वीस दिवस आधी पाणी कमी करून पानगळ करून घ्यायची. आमच्याकडे दसऱ्याला कात्र्या धुऊन, तेल लावून, झेंडूचं फूल वाहून पूजा होते.

छाटणीनंतर ४८ तासांच्या आत पेस्टिंग. हायड्रोजन सायनामाइडमध्ये लाल रंग मिसळून शेवटचे एक-दोन डोळे कपड्याच्या बोळ्याने किंवा स्पंजने ओले करायचे, म्हणजे ते एकसारखे फुटतात. रंग अशासाठी की कोणता डोळा राहिला ते दिसावं. हे औषध कडक आहे. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडावर पट्टी. आणि पेस्टिंगवाल्याने आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर दारूला हात लावायचा नाही. हे औषध अंगात गेल्यावर थोडी दारूही जिवाशी येऊ शकते. मजुरांना हे स्पष्ट, नावाने हाक मारून सांगा. लाजू नका.

पहिले पंचेचाळीस दिवस

वर्षाचं सगळं इथे आहे. दिवाळी बहुतेक याच दिवसांत येते. माहेरी जाण्याचा बेत करणाऱ्या सुनांना मी एवढंच सांगते: भाऊबीज भावालाच इकडे बोलावून करा.

आठव्या-नवव्या दिवशी डोळे कापसतात, म्हणजे फुगून त्यावर पांढरी लव दिसते. इथे उडद्या भुंगेरा येतो. दाण्याएवढा किडा, पण कापसलेला डोळा कोरून खातो, आणि खाल्लेला डोळा म्हणजे गेलेला घड. सकाळी आणि तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन फिरा. त्यानंतर पोंगा, म्हणजे डोळ्यातून निघालेली गुंडाळलेली पानं, मग दोन-तीन पानं, आणि चौदा-पंधराव्या दिवशी पानांच्या बेचक्यात पोपटी रंगाचा घड दिसतो. त्या दिवशी घरातलं कोणीही दुसरं काही बोलत नाही. म्हातारी आजेसासूसुद्धा काठी टेकत बागेत येते.

घड दिसले की फेलफूट काढायची, म्हणजे बिनघडाच्या फुटी खुडायच्या. काही घड गोळीसारखे आखडलेले असतात, काही दिसता दिसता जिरून बाळी होतात. ढगाळ हवा, जास्त पाणी, जास्त नत्र असलं की जिरण्याचं प्रमाण वाढतं. या दिवसांत ठिबकच्या कॉकला हात लावण्याआधी मुळांजवळची माती मुठीत दाबून बघा. गोळा होत असेल तर पाणी नको.

विसाव्या दिवसाच्या पुढे जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचं काम सुरू होतं. पहिल्या फवारण्या घडाची दांडी लांबवायला, म्हणजे पुढे मणी एकमेकांना चेंगरत नाहीत. मात्रा दहा पीपीएमच्या आसपास असते, आणि पाण्याचा सामू (पीएच) आम्लधर्मी करून घ्यावा लागतो. अवस्था चुकली तर पाकळ्या, म्हणजे घडाच्या बारीक फांद्या, वाकड्या होतात, घड पिळवटतो. शेजाऱ्याने आज जीए मारलं म्हणून आपणही मारायचं नाही. त्याची बाग बावीसची आहे आणि आपली अठराची, एवढं लक्षात ठेवा. दिवस सारखे असले तरी घडाचा रंग आणि आकार बघा. दिवस अंदाज सांगतात, निर्णय घडाकडे बघून घ्यायचा.

मग फुलण्याआधीची दोडा अवस्था आणि पस्तीस-चाळीस दिवसांना फुलोरा. द्राक्षाचं फूल कोणाला फूल वाटत नाही. हिरवी टोपी गळते आणि बारीक केसर दिसतात, पण सकाळी बागेत गोडसर मंद वास असतो. मला वर्षातला हा सगळ्यात आवडता आठवडा. भीती वाटते तीही याच आठवड्यात. पाऊस पडला, पानं रात्रभर ओली राहिली, तर डावणी थेट घडावर येते. पानामागे पांढरी बुरशी दिसली तर उशीर झालेला असतो. घड पाण्याने भरून राहिले तर गळ आणि कूज वेगळीच. त्या रात्री लोक पावसाचा शेवटचा थेंब पडायची वाट बघतात आणि पहाटे तीनला ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतात. चिखलात ट्रॅक्टर जात नसेल तर डस्टरने औषध धुरळतात. फवारणाऱ्याने चष्मा, मास्क आणि अंगभर कपडे घालायचेच. पुरुष मंडळी ऐकत नाहीत. आमच्याकडे मास्क नसला की चहा मिळत नाही, हा नियम मी केला आहे आणि तो चालतो.

सेटिंग झाल्यावर, म्हणजे फुलांचे मणी धरल्यावर, ते मणी बाजरीएवढे, मग ज्वारीएवढे होतात. आता विरळणी. घडाच्या काही पाकळ्या आणि मणी कात्रीने काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. मग घड जीएच्या द्रावणात बुडवायचे, त्याला डिपिंग म्हणतात. डिपिंग आणि विरळणीच्या टोळ्या पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून येतात. बायका या कामात पटाईत. एकेक घड हातात घेऊन तीस-चाळीस सेकंदांत मोकळा करतात. काम उक्तं देतात, एकरी. मुकादमाशी बोलणी पावसाळ्यातच करून ठेवा, उचल लिहून ठेवा, राहायला पत्र्याची खोली असेल तर तिथे पाणी, वीज आणि संडास आधी बघा. टोळी पुढच्या वर्षी परत येईल की नाही ते त्यावर ठरतं. पोरं बरोबर असतील तर औषधांची खोली कुलूपबंद ठेवायची.

वेलीवर घड किती ठेवायचे? निर्यातीसाठी आम्ही दीड चौरस फुटाला एक धरतो. नऊ बाय पाच म्हणजे पंचेचाळीस चौरस फूट, म्हणजे तीस घड. घड साडेतीनशे ग्रॅमचा धरला तर वेलीला साडेदहा किलो, एकरी दहा टन. पन्नास घड ठेवले तर सतरा टन निघतील असं वाटतं. निघत नाहीत. मणी बारीक राहतात, साखर भरत नाही, आणि पुढच्या वर्षी वेल सूड उगवते.

थंडी

डिसेंबरात वर्तमानपत्रात रोज निफाडचं तापमान येतं, ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेलं. मुंबई-पुण्याचे लोक ते वाचून खूश होतात. आम्ही कॉकवर धावतो. पारा फार खाली आला की मण्यांची फुगवण थांबते, मुळं काम करेनाशी होतात. रात्री किंवा पहाटे पाणी दिलं तर जमीन थोडी उबदार राहते. काही जण बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच असते, त्यामुळे हे काम बॅटरी घेऊन होतं. ऊस जवळ असेल तर एकट्याने जाऊ नका, बिबट्याची भीती खोटी नाही. आम्ही दोघं जातो, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून.

साठ-पासष्ट दिवसांना हिरव्या जातींच्या घडांना कागद लावायचा. मण्यात पाणी उतरताना दिवस उष्ण आणि रात्री फार थंड असल्या तर थॉमसनचे मणी गुलाबी पडतात, आणि निर्यातदार गुलाबी मणी घेत नाहीत. जुनी वर्तमानपत्रं किलोवर आणून घडाभोवती गुंडाळतो. एकेका एकरात जवळपास तीस हजार घड, तेव्हा किती संध्याकाळी जातात ते समजून घ्या.

पाणी उतरणं म्हणजे कडक मणी मऊ व्हायला लागणं, पारदर्शक दिसणं. इथून भुरी आणि मिलीबग या पांढऱ्या किडीकडे लक्ष. मिलीबगचा माग मुंग्या देतात. खोडावर मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की तिच्या टोकाला तो असतोच. याच काळात अवकाळी पाऊस झाला किंवा पाणी अचानक वाढवलं तर मणी तडकतात. औषधं मात्र आता लेबलवर लिहिलेला तोडणीपूर्व काळ मोजून. वहीतले दिवस इथे पुन्हा कामाला येतात.

सौदा आणि तोड

शंभर दिवसांनंतर अनोळखी गाड्या बांधावर थांबू लागतात. व्यापारी येतात, चार घड चाखतात, तोंड वाकडं करतात. तोंड वाकडं करणं हा सौद्याचा भाग आहे, मनावर घेऊ नका. रिफ्रॅक्टोमीटर स्वतःचा ठेवा. चार कोपऱ्यांतले, उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूचे, घडाच्या वरचे आणि खालचे मणी घेऊन साखर मोजा. साधारण सोळा-सतरा ब्रिक्सच्या (साखरेचं माप) पुढे माल खायला गोड लागतो. निर्यातीला मण्याचा आकार सोळा मिलिमीटरच्या वर लागतो, त्यासाठी भोकांची पट्टी मिळते.

आमचं तिसरं वर्ष. एक व्यापारी, बोलायला गोड, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गाडीला "आठ दिवसांत" म्हणाला. फोन बंद. अशी उदाहरणं आमच्या गावात दर दोन घरांआड आहेत. तेव्हापासून नियम असा: गाडी भरायच्या आधी मागच्या गाडीचे पैसे खात्यात. आधार आणि गाडीच्या नंबराचा फोटो, वजनाची पावती, सौदापट्टीवर सही. दोन रुपये कमी देणारा ओळखीचा व्यापारी मला परवडतो.

तोड पहाटे, ऊन चढायच्या आत. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही. मण्यावरचा पांढरट मेणाचा थर पुसला गेला की माल शिळा दिसतो. क्रेटमध्ये कागद, एकच थर. निर्यातीचा माल लगेच पॅकहाउसला जातो, तिथे प्रीकूलिंग होतं. होळी तोडीच्या मध्यात येत असेल तर आधीच सावध व्हा. डोंगराकडच्या टोळ्या होळीला घरी जातातच, आणि जायलाच हव्यात. त्या आठवड्यात तोड ठेवली तर घरचे सगळे, पोरांसकट, क्रेट उचलतात.

वाइनच्या जाती लावलेल्यांचं वेगळं. नाशिकला १९९९ साली सुला उभी राहिली तेव्हापासून इकडे त्याही बागा दिसतात. तिथे डिपिंग नाही, मणी मोठा करायचा नाही, साखर मात्र बावीस ब्रिक्सच्या पुढे हवी. पण माल घेणारी वायनरी एकच असते, म्हणून लेखी करार झाल्याशिवाय रोप लावू नका.

तोड संपल्यावर

मागे राहिलेले, डागी, बारीक घड विकायला जात नाहीत. काही जण ते बेदाण्याला देतात. आमच्याकडे आजेसासू त्यातले दोन-तीन क्रेट गच्चीवर वाळवते, अगदी जुन्या पद्धतीने, साडीच्या आडोशाला. रंग काळपट येतो, पण दिवाळीच्या लाडवात तेच लागतात.

तोडीनंतर पाणी एकदम बंद करू नका, ही सगळ्यात सामान्य चूक. पानं हिरवी असेतो वेल पुढच्या फुटव्यासाठी साठा करत असते. थोडं पाणी, थोडं खत चालू ठेवायचं. ढिल्या तारा ओढून घ्या, खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर खोडकिड्याची अळी आत आहे, तारेने काढा. माती आणि पाणी तपासायला द्या, विहिरीचे क्षार दरवर्षी बदलतात. सुटलेली साल सोलून जाळून टाका, तिच्याखाली मिलीबग लपतो. लग्नकार्यं, देवदर्शन, डॉक्टरकडचं राहिलेलं काम, दातांचंसुद्धा, या चार आठवड्यांत उरकून घ्या. आम्ही यंदा पाच एप्रिलला खरडणार आहोत, म्हणून नणंदेच्या मुलाची मुंज एकतीस मार्चला धरली आहे.